जायफळाच्या बेटांवर एक दिवस

दिवाळीच्या दिवसांत मराठी स्वयंपाकघरातला मसाल्याचा डबा उघडून पाहावा. वेलदोड्यांच्या शेजारी सुपारीहून थोडे मोठे, सुरकुतलेले, तपकिरी असे एक फळ हटकून सापडेल. करंजीच्या सारणात, बासुंदीत, श्रीखंडात ते किसून पडते. कॉफीतही त्याची चिमूट चालते. तान्ह्या बाळाच्या गुटीसाठी आजी ते सहाणेवर उगाळते तेव्हा वेढे मोजून घेते, कारण जास्त झाले तर गुंगी येते हे तिला ठाऊक असते. चरकसंहितेत तोंडाला सुवास यावा म्हणून चघळावयाच्या वस्तूंत जायफळ सांगितले आहे. म्हणजे या पाहुण्याची आणि आपली ओळख फार जुनी. पण पाहुण्याचे गाव कोणते, हे आपण कधी विचारले नाही.

त्या गावाचे नाव बांदा. सावंतवाडीजवळचे आपले बांदा नव्हे; हे बांदा समुद्रात आहे. जाव्यापासून पूर्वेकडे सुमारे दोन हजार किलोमीटर जावे, सेराम नावाच्या मोठ्या बेटाच्या दक्षिणेस खोल निळ्या पाण्यात दहा-अकरा बेटांचा एक पुंजका लागतो. वर्गातल्या नकाशावर टाचणीचे डोके टेकवले तर सारी बेटे त्याखाली झाकली जातील. त्यांतले सर्वांत मोठे लोंथोर, तेही जेमतेम बारा किलोमीटर लांब. आज ही बेटे इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतात मोडतात. अठरावे शतक बरेचसे सरेपर्यंत साऱ्या जगाचे खरे जायफळ या मूठभर जमिनीतून येत होते. आपल्या सह्याद्रीच्या रानातली रामपत्री ही जायफळाची नातलग खरी, पण तिला तो वास नाही.

अलीकडे या बेटांवर परदेशचे प्रवासी येतात ते जायफळासाठी नव्हे, तर पाण्याखालचे प्रवाळ पाहावयास. सकाळी नाव ठरवावयाची, या बेटावरून त्या बेटावर जावयाचे, डोळ्यांवर काचेचा चष्मा चढवून आणि तोंडात स्नॉर्केलची नळी धरून पाण्यावर पालथे पडावयाचे, आणि तासन् तास खाली पाहत राहावयाचे. वाचकहो, आपणही असा एक दिवस तेथे मनाने काढू या. मात्र पाण्यात जेवढे पाहू तेवढेच काठावरही पाहू. कारण या पाण्याचा आणि या काठांचा इतिहास एकमेकांहून फार निराळा आहे.

अंबोन बंदरातून नावेने बांदाला जाता येते. आपल्याकडे दिवाळीची धामधूम असते त्या सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेथला समुद्र बहुधा शांत असतो. मुक्काम करावयाचा तो नैरा नावाच्या बेटावर. गाव लहान. पडवीला खांब असलेली जुनी डच घरे, मशीद, बाजार, बंदराचा धक्का, आणि गावावर लक्ष ठेवून असलेला बेल्जिका नावाचा पंचकोनी किल्ला. डच म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतले वलंदेज. सकाळी किल्ल्याच्या तटावर उभे राहिले की समोर, अरुंद खाडीपलीकडे, समुद्रातून सरळ वर आलेला एक सुळका दिसतो. सव्वासहाशे मीटरांहून उंच असलेला हा गुनुंग अपी. गुनुंग म्हणजे पर्वत आणि अपी म्हणजे अग्नी. नावाप्रमाणेच तो जागता ज्वालामुखी आहे.

पहिली नाव याच अग्निपर्वताच्या पायथ्याशी लावावी. ९ मे १९८८ रोजी हा पर्वत फुटला. बेटांवरच्या हजारो माणसांना घरेदारे सोडून जावे लागले. लाव्हाचा तापलेला लोंढा उताराने समुद्रात उतरला आणि त्याच्या वाटेत जे जे प्रवाळ होते ते सारे जळून, गाडले जाऊन नाहीसे झाले. काठावर तो काळा, खडबडीत दगड आजही दिसतो. त्याच्यावर झाडोरा अजून विरळच आहे.

आता चष्मा चढवून पाण्यात डोके घाला. डोळ्यांवर विश्वास बसणार नाही! त्याच काळ्या दगडावर, वावभर पाण्याखाली, जणू बाग फुलली आहे. मेजासारखी सपाट पसरलेली प्रवाळे एकावर एक रचल्यासारखी. काही हरणाच्या शिंगांसारखी. काही कोबीच्या गड्ड्यासारखी. त्यांच्या फटींतून निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे शाळा सुटल्यावरच्या पोरांसारखे एकदम बाहेर पडतात आणि आपली सावली दिसताच पुन्हा आत दडतात. शास्त्रज्ञांनी हा भाग तपासला तेव्हा त्यांना आढळले की, उद्रेकानंतर अवघ्या पाच वर्षांत या लाव्हावर प्रवाळांच्या १२४ जाती आल्या होत्या, निम्म्याहून अधिक तळ त्यांनी व्यापला होता, आणि काही सपाट प्रवाळांचा व्यास नव्वद सेंटिमीटरांवर गेला होता.

हे कसे झाले? प्रवाळ हे दिसावयास झाड असले तरी तो असंख्य सूक्ष्म प्राण्यांचा संसार आहे. हे प्राणी आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या अंगात अतिसूक्ष्म वनस्पती राहतात. त्या उन्हावर अन्न तयार करतात आणि यजमानालाही देतात. म्हणून प्रवाळाला स्वच्छ, उथळ आणि उन्हाचे पाणी लागते. गुनुंग अपीच्या पायथ्याशी पाणी नितळ होते, लाव्हाने कठीण आणि कोरा पाया दिला होता, आणि लाव्हा न पोचलेल्या शेजारच्या खडकांवर जुनी प्रवाळे शाबूत होती. त्यांची पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत आली आणि येथे चिकटली. शेजारी शिल्लक असला म्हणून गाव पुन्हा वसले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवसभरात ती पुन्हा आठवेल. आणि मुले बरोबर असतील तर एवढे त्यांना बजावावे की, प्रवाळावर पाय देऊन उभे राहू नये. ज्वालामुखीतून सावरलेला जीव आपल्या टाचेखाली मात्र मोडतो.

दुसरी नाव लोंथोरला. धक्क्यावरून पायऱ्यापायऱ्यांची वाट वर चढते आणि गावामागे जायफळाचे रान सुरू होते. हे झाड ऊन सोसत नाही. म्हणून त्याच्यावर केनारी नावाच्या बदामाच्या जातीच्या प्रचंड वृक्षांची सावली असते. त्या गार काळोखात जायफळाची गर्द हिरवी झाडे उभी असतात. पिकलेले फळ जर्दाळूसारखे पिवळसर दिसते. ते पिकले की मधोमध उकलते आणि आत काळ्याशार बीवर लालभडक जाळी दिसते. ती लाल जाळी म्हणजे जायपत्री, आणि बीच्या कवचाच्या आत असते ते जायफळ. लांब काठीच्या टोकाला वेताची टोपली बांधून फळ अलगद उतरवतात. वरच्या गराचा मुरंबा घालतात. एकाच फळात दोन मसाले आणि वर मुरंबा, अशी ही निसर्गाची उधळपट्टी!

एवढ्या लहान बेटांवर भात पिकत नव्हता. बांदाची माणसे जायफळ देत आणि जावा, सेराम येथून येणाऱ्या व्यापाऱ्यांकडून तांदूळ, साबुदाणा घेत. गुजरातेतले कापडही मलाक्कामार्गे त्यांच्यापर्यंत पोचे. राजा नव्हता. ‘ओरांग काया’ म्हणजे गावोगावचे मातबर वडीलधारे कारभार पाहत. असा व्यवहार शतकानुशतके चालला होता. १५११ साली पोर्तुगीजांनी मलाक्का घेतले आणि पुढल्याच वर्षी त्यांची जहाजे बांदाला पोचली. पण तेथे त्यांचे पाय स्थिरावले नाहीत. डच आले ते १५९९ साली. युरोपात जायफळ अनेक पटींनी महाग विके. ते प्लेगवर चालते अशीही तेथे समजूत होती. १६०२ साली डचांनी काही ओरांग कायांकडून एक करार करून घेतला : यापुढे सारे जायफळ डचांनाच विकावयाचे, दुसऱ्या कोणालाही नाही.

कागदावर ही एक ओळ. पण तिचा अर्थ काय होता पाहा. जावा-सेरामच्या व्यापाऱ्यांना दार बंद म्हणजे तांदळाला दार बंद. बांदाच्या माणसांनी तो करार पाळला नाही, पाळून ती जगलीच नसती. १६०९ साली डच सेनापती फेरहूफ नैरावर किल्ला बांधू लागला तेव्हा बेटकऱ्यांनी त्याला बोलणी करण्यासाठी म्हणून बोलावले आणि दबा धरून त्याला व त्याच्या सोबत्यांना ठार केले. त्या तांड्याबरोबर एक तरुण व्यापारी आला होता. त्याचे नाव यान पीटरसून कून. हा दिवस तो विसरला नाही.

बारा वर्षांनी, १६२१ साली, हाच कून ईस्ट इंडीजचा गव्हर्नर-जनरल होऊन परत आला. बरोबर मोठे आरमार, दीड हजारांहून अधिक सैनिक आणि पगारी जपानी शिपाई होते. थोड्याच दिवसांत लोंथोर पडले. एका गावातल्या मशिदीत डच अधिकाऱ्यांनी आपला तळ ठोकला होता. एप्रिलमधल्या एका रात्री त्या मशिदीतला टांगलेला दिवा खळकन खाली पडला. हा हल्ल्याचा इशाराच, असे म्हणून डचांनी अंधारात गोळ्या झाडल्या. पुढे सारे बेट धुंडाळून काढण्यास तेवढे निमित्त पुरले. ८ मे १६२१ रोजी नैराच्या किल्ल्याशेजारी ४४ ओरांग कायांना कळकांच्या कोंडवाड्यात उभे करून जपानी शिपायांकडून मारण्यात आले. हे पाहणाऱ्या एका डच अधिकाऱ्यालाही ते सहन झाले नाही. त्याने लिहून ठेवले आहे की, मरणारे मुकाट होते. एकाने मात्र डच भाषेतच विचारले की, तुमच्याजवळ दया म्हणून नाहीच काय?

बेटांवर सुमारे पंधरा हजार माणसे होती असे इतिहासकार धरतात. त्यांतली फार तर हजारभर मागे राहिली. कोणी तलवारीने मेले, कोणी डोंगरावर उपाशी मेले, कोणी कड्यावरून उड्या टाकल्या. आठशेच्या आसपास माणसे गुलाम करून बटाव्हियास नेली. काही होड्यांतून पूर्वेकडे निसटली. कंपनीच्या चालकांनी कूनला थोडी कानउघाडणी केली, आणि बक्षीसही दिले.

मग लोंथोर, नैरा आणि आय या बेटांवरच्या बागांचे ६८ तुकडे पाडले व ते डच बागाईतदारांना दिले. राबावयास माणसे हवीत म्हणून दूरदूरचे गुलाम आणले. त्यांत गुजरात, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरचेही होते. म्हणजे आपल्या देशात विकत घेतलेला मनुष्य बांदाला राबे आणि त्याने उतरवलेले जायफळ कंपनीच्या सुरतेच्या वखारीतून पुन्हा आपल्याच देशात विकले जाई. आज लोंथोरच्या रानात ज्या वाटेने आपण गारव्याला जातो, ती वाट अशी आहे.

दुपारी पश्चिमेकडे निघावे. तासाभराच्या अंतरावर आय. हे बेट डचांनी १६१६ साली जिंकले आणि तेथल्या किल्ल्याला नाव दिले ‘सूड’! किल्ला आता पडका आहे. किनाऱ्याच्या वाळूवरून चार पावले पाण्यात गेले की प्रवाळाचे पठार लागते आणि मग एकाएकी ते संपते; पुढे खोल निळी भिंत सरळ खाली जाते. पोहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असा तो कडा आहे. बांदाचा समुद्र काही ठिकाणी सात हजार मीटरांहून खोल आहे. त्या काठावर अलगद तरंगत राहावे. कासवे तेथे संथपणे वर येतात, श्वास घेतात आणि पुन्हा निळ्यात विरून जातात.

आणखी पुढे रून. लांबी तीन किलोमीटर, रुंदी किलोमीटरभरही नाही. त्याच्या टोकाला नैलाका नावाचे वाळूचे पिटुकले बेट आहे. ओहोटीला रूनवरून तेथे चालतही जाता येते. भोवतीचे पाणी इतके स्वच्छ की नाव हवेत टांगल्यासारखी दिसते. या शांत जागेसाठी दोन साम्राज्ये भांडली, हे सांगूनही खरे वाटू नये. १६१६ च्या डिसेंबरात नॅथानिएल कोर्टहोप हा इंग्रज दोन जहाजे घेऊन आला. डचांच्या भीतीने रूनच्या लोकांनी इंग्लंडच्या राजाचे छत्र पत्करले. कोर्टहोपने रूनवर आणि नैलाकावर तोफा चढवल्या आणि मूठभर माणसांनिशी, अन्नपाण्याचे हाल सोसून, जवळजवळ चार वर्षे बेट राखले. १६२० च्या ऑक्टोबरात रात्री नावेतून येताना डचांनी त्याला गाठले. गोळी लागून तो समुद्रात पडला. पुढे बेट डचांच्या हाती गेले. इंग्रजांच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांनी रूनवरची जायफळाची झाडेच तोडून टाकली.

पुढची कथा पुष्कळांनी ऐकलेली असते : डचांनी रून घेतले आणि त्याच्या बदल्यात इंग्रजांना मॅनहॅटन, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, दिले. गोष्ट म्हणून हे छान आहे. इतिहास थोडा निराळा आहे. १६६४ साली इंग्रजांनी डचांचे न्यू ॲमस्टरडॅम आधीच घेतले होते. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात ठरले ते इतकेच की, ज्याच्या हाती जे आहे ते त्याने ठेवावे. रून डचांच्या हाती होते, मॅनहॅटन इंग्रजांच्या. त्या क्षणी आपण फायद्यात राहिलो असेच डचांना वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

याच दशकात आपल्या किनाऱ्यावर काय चालले होते? १६६१ च्या तहाने पोर्तुगीजांची मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. वलंदेजांची वखार वेंगुर्ल्यास होती. बेटे अशी हातोहात फिरत होती आणि बेटांवरच्या माणसांना कोणी विचारीत नव्हते. त्या काळात मालवणसमोरच्या कुरटे बेटावर, न्यू ॲमस्टरडॅम पडले त्याच १६६४ सालच्या नोव्हेंबरात, शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात स्पष्ट बजावले आहे की, टोपीकर हे नुसते सावकार नव्हेत, त्यांच्या मागे राज्ये आहेत. त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नये. बांदाच्या ओरांग कायांना हे सांगणारे कोणी भेटले नाही. भेटले असते तरी तोफा आणि गलबते त्यांच्याजवळ नव्हती. ज्याच्याजवळ आरमार नाही त्याचा समुद्र त्याचा राहत नाही, हा धडा बांदाने मोजलेली किंमत पाहिली की नीट समजतो. योगायोग असा की, आज सिंधुदुर्गाच्या भोवतालीही प्रवासी चष्मा चढवून प्रवाळ पाहतात.

जायफळाची मक्तेदारी मात्र फार टिकली नाही. १७७० च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच गृहस्थाने रोपे चोरून मॉरिशसला नेववली. नेपोलियनच्या युद्धांत इंग्रजांनी बांदा काही काळ ताब्यात घेतले, तेव्हा रोपे पिनांग, सिलोनकडे गेली. पुढे वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनेडाला पोचली. आज ग्रेनेडाच्या ध्वजावर जायफळ आहे. केरळात ते पिकते, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’सारख्या जाती काढल्यामुळे आपल्या नारळी-पोफळीच्या सावलीतही ते रुजले आहे. ज्यासाठी एवढे रक्त सांडले, ते झाड माती आणि सावली मिळाली की कोणाच्याही परसात वाढावयास तयार होते!

संध्याकाळी नाव नैराला परतते. उन्हे कलताना गावातून एक फेरी मारावी. दोन साध्या घरांपुढे थांबावे. १९३६ पासून १९४२ पर्यंत डच सरकारने महंमद हट्टा आणि सुतान शारीर या दोन स्वातंत्र्यवीरांना येथे हद्दपार करून ठेवले होते. हट्टांनी सोळा पेट्या भरून पुस्तके आणली होती. दोघांनी गावच्या मुलांना शिकवावयास घेतले. हट्टांच्या घरामागे फळा आणि बाके आजही आहेत. शिक्षकाचा पेशा असलेल्या माणसाचे पाय तेथे जरा जास्तच रेंगाळतील. ज्या बेटावरच्या वडीलधाऱ्यांना चारचौघांत मारले, त्याच बेटावर तीनशेहून अधिक वर्षांनी दोन कैदी मुलांना गणित आणि भाषा शिकवीत होते. १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशिया स्वतंत्र झाल्याचे जाहीर झाले. हट्टा उपराष्ट्राध्यक्ष झाले, शारीर पहिले पंतप्रधान. १९४७ च्या जुलैत डचांनी पुन्हा चढाई केली तेव्हा ओडिशाचे बिजू पटनाईक विमान घेऊन जाव्यात उतरले आणि त्यांनी शारीरांना सुखरूप भारतात आणले. बांदाच्या दोन बेटांना आज या दोघांची नावे आहेत.

राहता राहिली मूळची बांदाची माणसे. आज बेटांवर राहतात ते बहुतांशी नंतर आलेल्यांचे, म्हणजे गुलामांचे, मजुरांचे, व्यापाऱ्यांचे वंशज; बोलतात मलय. पण परक्यांचे वंशज असूनही त्यांनी त्या ४४ जणांची आठवण आपली मानली आहे. गावात एका विहिरीपाशी त्यांचे स्मारक आहे, आणि सणाच्या नाचात त्यांच्या मरणाची खूण जपलेली आहे. लोंथोरला एक पवित्र विहीर आहे. काही वर्षांच्या अंतराने सारी बेटे जमून ती उपसतात आणि धुतात.

आणि १६२१ साली होड्यांतून निसटले ते? पूर्वेकडे कै नावाच्या बेटांवर त्यांनी गावे वसवली. त्यांतल्या एका गावाचे नाव बांदा एली. तेथे आजही बांदाची मूळ भाषा बोलली जाते. ज्या बेटांची ती भाषा, त्या बेटांवर ती बोलणारा उरला नाही. जेथे परक्याच्या दारात आश्रय घेतला, तेथे ती चारशे वर्षे जिवंत राहिली. तेथल्या बायका मातीची भांडी घडवतात आणि जुनी गाणी म्हणतात. ती गाणी समुद्रप्रवासाची असतात, आपण कोठून आलो हे सांगणारी. गुनुंग अपीच्या लाव्हावर पाच वर्षांत बाग फुलली, कारण शेजारच्या खडकावर थोडे प्रवाळ शिल्लक होते. माणसांच्या बाबतीत त्याला चारशे वर्षेही पुरली नाहीत. पण शिल्लक आहे; आणि जोवर कैच्या किनाऱ्यावर एखादी आई आपल्या लेकराला त्या भाषेत हाक मारते आहे, तोवर बांदा संपले असे म्हणता येणार नाही.